अभ्यास संपायची वाट पाहू नका
नोकरी करताना आधी सगळा अभ्यास संपवावा, मगच ऐतिहासिक कादंबरीला हात घालावा, असं काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही. अभ्यास कधीच संपत नाही! पेशवाईवर लिहायचं असेल तर जुन्या कागदांची मोडी लिपी येत नाही म्हणून अडू नका. रियासतकार सरदेसाई या इतिहासकारांनी पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदसंग्रहातले, निवडक कागद ४५ खंडांत देवनागरीत छापून ठेवलेत. लढाया नंतर बघा. कर्जाचे तगादे, आजारपणं, भाऊबंदकीची पत्रं आधी वाचा, पात्रं तिथेच भेटतात. तारखांना मात्र जपा. या कागदांत वापरलेला शुहूर सन मृग नक्षत्रापासून (मे-जूनच्या सुमारास) सुरू होतो, त्यामुळे डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवून इसवी सन काढायचा. पानिपतच्या वेळी, म्हणजे जानेवारी १७६१ मध्ये, शुहूर ११६१ होतं. पहिलं प्रकरण या रविवारीच लिहा.