पगारपत्रकावर न दिसणाऱ्या गोष्टी (अनुभव धागा)

नोकरी सोडून घरून स्वतःचं काम करणाऱ्याला भेटेल तो विचारतो, "मग, कसं चाललंय?" आणि तोही ठरलेलं उत्तर देतो, "मस्त!" इथे ते उत्तर नको. मला विचारायचंय ते वेगळंच. कंपनीतून बाहेर पडल्यावर असं काय हातातून गेलं, जे तिथे असताना दिसतही नव्हतं? आणि मग त्याची सोय तुम्ही कशी लावलीत? राजीनामा साहेबांच्या टेबलावर कसा आपटला याच्या कहाण्या वाचायला मजा येते, पण त्या पुन्हा कधीतरी. परत नोकरीत गेलेल्यांनी तर आवर्जून लिहा, त्यांना कुणी विचारतच नाही.

लेखापाल, आधी एका कंपनीच्या वित्त विभागात

दरापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. वर्षाच्या पगाराला कामाच्या दिवसांनी भागायचं आणि येईल तो आकडा ग्राहकाला सांगायचा, अशी सर्वसाधारण रीत. आता हिशेब बघा. वर्षाचे दिवस 365, त्यात शनिवार-रविवार 104. उरले 261. नोकरीत या सगळ्या 261 दिवसांचे पैसे मिळतात, तुम्ही तापाने फणफणत पडलेले असलात तरी. स्वतःच्या कामात सुट्ट्या, रजा, आजारपण हे सगळं बिनपगारी. त्याचे तीसेक दिवस वजा केले की राहतात 230. त्यातलाही एक तृतीयांश वेळ अशा कामात जातो ज्याचं बिल कुणालाच लावता येत नाही: नवं काम शोधणं, अंदाजपत्रकं देणं, थकलेल्या पैशांसाठी फोन, करभरणा, रुसलेला प्रिंटर. विकण्याजोगे दिवस दीडशेच्या आसपास उरतात. म्हणजे पूर्वीइतकंच कमवायचं तर रोजचा दर पगाराच्या रोजच्या आकड्याच्या पावणेदोनपट हवा. विमा, निवृत्तीसाठी कंपनी घालत होती तो वाटा, यंत्रसामग्री यातलं अजून काहीच धरलेलं नाही.

हा दर सांगताना नव्या माणसाची जीभ अडखळते. ग्राहकाला फारसं काही वाटत नाही, तो मोठ्या कंपन्यांना याहून जास्त मोजत आलेला असतो.

दुसरी गोष्ट रोखीची. समजा जानेवारीत काम केलं, महिनाअखेर बिल लावलं आणि मुदत 45 दिवसांची आहे. पैसे येणार मार्चच्या मध्यावर, तेही समोरच्याने वेळ पाळली तर. कागदावर फायद्यात असलेला माणूस फेब्रुवारीत उसनवारी करतो तो असा. माझ्याकडे बाहेर पडण्याआधीच सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढलेला होता, त्यामुळे कुठलंही पडेल भावाचं काम नाकारता आलं. आणि पैसे जमा झाले की कराचा वाटा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकतो. कंपनी तो परस्पर कापायची तेव्हा आपण तिला नावं ठेवायचो!

ग्राफिक डिझायनर

मला उणीव जाणवली ती "नाही" म्हणणाऱ्या माणसाची. एजन्सीत ग्राहक आणि मी यांच्यामध्ये एक जण बसलेला असायचा, त्याचा आम्ही सगळे राग राग करायचो. "जाता जाता तेवढा लोगो बदलून द्या" हे तो तिथल्या तिथे अडवायचा, माझ्यापर्यंत येऊच द्यायचा नाही. आता ते "जाता जाता" थेट माझ्या फोनवर येतं, रविवारीसुद्धा.

तो माणूस मी आता कागदावर बसवलाय. अंदाजपत्रकातच लिहिलेलं असतं: दोन फेऱ्या दुरुस्त्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळा आकार. अर्धी रक्कम आगाऊ. मूळ फाइल्स पूर्ण पैसे मिळाल्यावर. दुरुस्त्या एकाच माणसाने एकत्र करून लेखी पाठवायच्या. या शेवटच्या कलमाने माझं जितकं रक्षण केलंय तितकं बाकी कशानेही नाही. नाहीतर एक भागीदार निळा म्हणतो, दुसरा हिरवा, आणि त्यांचं भांडण आपण फुकटात मिटवत बसतो.

एक वाचक

थोडक्यात लिहितो. कर्ज, क्रेडिट कार्ड, आरोग्य विमा, जे काही घ्यायचं असेल ते राजीनाम्याआधी घ्या. पगाराच्या पावत्या दिसल्या की बँक बोलते. व्यवसाय म्हटला की मागच्या काही वर्षांचे ताळेबंद आणि विवरणपत्रं मागते, आणि ती तुमच्याकडे अजून तयारच झालेली नसतात. कंपनीचा गट विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असू शकतो, तेव्हा मध्ये खंड पडू देऊ नका.

घरातली दुसरी बाजू

मी नोकरी सोडलेली नाही, आमच्याकडे नवऱ्याने सोडली. तरी लिहिते, कारण त्याच्या हातातून जे गेलं ते माझ्या अंगावर आलं.

त्याच्या हातातून गेली ती माणसं. दिवसभरात त्याच्याशी बोलायला कुणीच नसायचं. मी दिवसभर बैठकांमध्ये बोलून बोलून थकून घरी यायचे, आणि हा दारातच उभा. पायातली चप्पल निघायच्या आत मला कळलेलं असायचं की कुठल्या ग्राहकाने कुठल्या ईमेलमध्ये काय खोच मारली. त्याला बोलायचं असायचं आणि मला कुणाचाही आवाज नको असायचा. बरीच भांडणं झाली आमची, आणि त्यांचं कारण पैसा कधीच नव्हता. आता त्याने त्याच्याच क्षेत्रात एकेकटे काम करणारे चार जण जमवलेत. ठरलेल्या वेळी ते फोनवर एकमेकांच्या ग्राहकांना यथेच्छ शिव्या देतात. घरात शांतता आहे.

नातेवाइकांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. "तो घरीच असतो ना" या एका वाक्यावर सगळ्या घराण्याची बँकेची आणि सरकारी कचेऱ्यांची कामं त्याच्या गळ्यात पडतात.

भाषांतरकार

वरच्या ताईंचं वाचून हसले. तुमच्या मिस्टरांना नुसती बाहेरची कामं पडतात हो! बाई घरून काम करते तेव्हा घरातलीही सगळी तिचीच होतात. पूर्वी ऑफिसला निघाले की घर आपोआप दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली व्हायचं. ते "निघणं" गेलं. दार लावून बसून बघितलं, पण दाराला कुणी जुमानत नाही. शेवटी घरच्यांना तासांचा हिशेबच दाखवला. मला शब्दामागे पैसे मिळतात, म्हणून सांगणं सोपं होतं: सकाळच्या तीन तासांत इतके शब्द, त्याचे इतके पैसे, आणि मध्ये चारदा उठले की निम्मे. आकडा बघितल्यावर माझी सकाळ मला मिळाली. समजूत घालून जे इतकी वर्षं झालं नव्हतं ते असं झालं, याचा थोडा रागही आला.

आणखी एक, नव्याने येणाऱ्यांसाठी. सुरुवातीला एक मोठा ग्राहक मिळतो आणि आपण निश्चिंत होतो. निम्म्याहून जास्त उत्पन्न एकाच ठिकाणाहून येत असेल तर ती नोकरीच असते, फक्त रजा आणि ग्रॅच्युइटी नसलेली. माझ्या अशा एका ग्राहकाने एका ईमेलवर काम बंद केलं. तेव्हापासून हात भरलेले असले तरी दर आठवड्याला थोडा वेळ नव्या ओळखींसाठी राखून ठेवते.

डिझायनरताई, पैसे थकवणाऱ्यांचं तुम्ही काय करता? दर वेळी आठवण करताना मलाच ओशाळं वाटतं.

परत नोकरीत गेलेला

आवर्जून लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. घरून सल्लागार म्हणून काम बरं चाललं होतं, पैशांचीही फार ओढाताण नव्हती. पण मला काम करायला आवडतं, काम मिळवायला आवडत नाही. दोन्ही वेगळे धंदे आहेत, हे बाहेर पडल्यावर कळलं.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1937 साली एक निबंध लिहिला. त्यातला प्रश्न साधा होता: बाजारात सगळंच विकत मिळत असताना कंपन्या मुळात असतात कशाला? त्यांचं उत्तर असं, की बाजाराचा वापर फुकट होत नाही. योग्य माणूस शोधणं, घासाघीस, दर वेळी नवा करार, याचा खर्च असतो, आणि तो वाचवायला माणसं एका छपराखाली येतात. 1991 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. कॉलेजात हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. घरी बसून स्वतःच तो सगळा खर्च झाल्यावर नीट समजलं. आता कंपनीत आहे आणि मजेत आहे. लोक हळहळतात, "जमलं नाही का रे?" जमलं होतं. नको होतं.

सॉफ्टवेअर

वरचं पटलं, पण मी परत जाणार नाही. एक सूचना: नोकरी सोडण्याआधी नेमणुकीचा करार पुन्हा वाचा. नोटिशीचा काळ आपण सगळेच बघतो. त्यापुढची कलमं बघा. कंपनीच्या ग्राहकांशी ठरावीक काळ व्यवहार करायचा नाही, असं एक असतं. नोकरीत असताना तुम्ही जे काही बनवाल त्याची मालकी कंपनीची, असंही असू शकतं, आणि काही करारांत ते रात्री घरी लिहिलेल्या कोडलाही लागू होईल अशा भाषेत असतं. ही कलमं कोर्टात कितपत टिकतात ते देशागणिक बदलतं, पण ते बघायला कोर्टात जायची वेळ कशाला आणा? वकिलाला तासाभराचे पैसे द्या.

लेखनाचं काम करणारा

माझ्यापुरतं सांगायचं तर गेली ती संध्याकाळ. मिळालेला वेळ भरेल इतकं काम फुगतं, असं ब्रिटिश इतिहासकार पार्किन्सन यांनी 1955 मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहिलं ते सरकारी नोकरशाहीच्या चेष्टेसाठी. माझ्याकडे ना साहेब ना शिपाई, तरी मी एकटा त्या नियमाने चालतो. शेवटची बस चुकेल ही भीती होती तोवर काम सहाला संपायचं. आता बस नाही. संध्याकाळी एक क्लास लावलाय, त्यातलं मला फारसं काही येत नाही, पण सहाला उठावं लागतं.

ग्राफिक डिझायनर (पुन्हा)

भाषांतरकारताई, ओशाळं वाटतं कारण ज्याच्याशी आपलं छान जुळलेलं असतं त्यालाच पैसे मागावे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून ठेवायचं, बिल कुणाकडे पाठवू? लेखा विभागात बसलेल्या माणसाला तुमचा फोन आला म्हणून वाईट वाटत नाही, त्याचं कामच ते आहे. मुदत संपायच्या आठवडाभर आधी एक साधी चौकशी करायची: बिल पोचलं ना, काही कागद हवाय का? निम्मी बिलं एखादा क्रमांक राहिला म्हणून अडकलेली असतात आणि कुणी आपल्याला सांगत नाही. मुदत टळली की "कधी देणार" असं विचारायचं नाही, तारीख मागायची. आणि त्यांचंच पुढचं काम हातात असेल तर ते थांबवायचं, पण थांबवलंय हे त्याच दिवशी लेखी कळवायचं, नाहीतर उशीर आपल्या नावावर लागतो.