दीड वर्षाच्या मुलीचं नाक चोंदलंय, रात्री झोप नाही. घरच्या घरी काय करावं?

रानजाई
मुलगी १८ महिन्यांची, वजन साडेदहा किलो. परवापासून सर्दी आहे. दिवसा नाक वाहतं, रात्री गच्च बंद होतं, मग तोंडाने श्वास आणि दर अर्ध्या तासाने रडून उठणं. ताप ९९.४ च्या पुढे गेलेला नाही. खेळते आहे, पण दूध निम्मंच पिते. घरातल्यांची मतं वेगवेगळी: नाकात कोमट तूप सोड, ओव्याची धुरी दे, कापूर घातलेलं खोबरेल छातीला चोळ, जायफळ उगाळून चाटव. यातलं या वयाला काय चालतं आणि किती प्रमाणात, ते नीट सांगाल का? नाशिकला सध्या थंडी बरीच आहे.

निशिगंध
आधी नाक मोकळं करा, बाकी सगळं नंतर. या वयाच्या मुलांना शिंकरता येत नाही, म्हणून शेंबूड आत सुकतो आणि रात्री आडवं झालं की नाक बंद होतं. दूध कमी होतं तेही याचमुळे, कारण पिताना श्वास घ्यायला नाकच हवं.

मिठाच्या पाण्याचे थेंब सगळ्यात उपयोगी. मेडिकलमध्ये लहान मुलांचे सलाइन नेझल ड्रॉप्स मिळतात, ते घेणं सोयीचं. घरी करायचे तर अर्धा लिटर पाणी पाच मिनिटं खळखळून उकळा, त्यात साधं मीठ साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट केलेला पाऊण छोटा चमचा, विरघळवा, झाकून गार करा. चमचा शीग भरून घेऊ नका. मीठ जास्त झालं की नाक चुरचुरतं, आणि नुसतं साधं पाणी घातलं तरी चुरचुरतं, कारण दोन्ही आपल्या अंगातल्या क्षारांशी जुळत नाहीत. उरलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या.

खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवून मान किंचित मागे, प्रत्येक नाकपुडीत २-३ थेंब. एक-दोन मिनिटं थांबा, म्हणजे सुकलेलं सैल होतं. मग रबरी बल्बने ओढा: बल्ब आधी दाबायचा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी ठेवायचं, मग हळू सोडायचा. नाकात घालून मग दाबला तर शेंबूड आणखी आत ढकलला जातो. जेवण-दुधाच्या १५ मिनिटं आधी आणि झोपण्यापूर्वी, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. सारखं ओढत बसलात तर आतली त्वचा सुजते, रक्तही येतं, आणि नाक पुन्हा बंद.

एक धोका: मोठ्यांच्या चोंदलेल्या नाकाचे ड्रॉप्स, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे, तशाच छोट्या बाटलीत येतात. ते या वयाला घालायचे नाहीत. रात्री झोपेत हात चुकतो, दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवू नका.

खलबत्ता
रानजाई, ओव्याची पुरचुंडी करा, धुरी नको. दोन मोठे चमचे ओवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा. काळा पडला तर उडून जाणारं तेल संपतं. जुन्या मऊ सुती कापडात दुहेरी बांधून घ्या, गाठ सुटून दाणा तोंडात जायला नको. पुरचुंडी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला दहा सेकंद धरून बघा. कोमट लागली तरच तिच्या झबल्यावरून छाती-पाठीला शेका. ओव्याचे दाणे बाहेरून गार वाटतात तरी मधे उष्णता धरून असतात, म्हणून तव्यावरून थेट अंगावर कधीच नाही. झोपेत पुरचुंडी तिच्याजवळ ठेवायची नाही. ओव्याच्या वासातलं थायमॉल नाकाला मोकळं वाटायला मदत करतं, सर्दी त्याने आधी बरी होते असं मात्र नाही.

मध तिला चालेल, कारण वर्ष झालंय. झोपण्याच्या अर्धा तास आधी अर्धा छोटा चमचा, म्हणजे अडीच मिली. रात्रीच्या खोकल्यावर त्याचा खरंच उपयोग होतो. वर दोन घोट पाणी पाजून दात पुसा. घरात वर्षाखालचं दुसरं बाळ असेल तर त्याला बोटभरही नको. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात, ती उकळूनही मरत नाहीत आणि तान्ह्या आतड्यात रुजतात.

गवती चहाचा काढा हवा तर: एक कप पाणी, दोन इंचांची दोन-तीन पाती, नखाएवढं आलं, चार तुळशीची पानं, पाच मिनिटं उकळून गाळून कोमट. एका वेळी तीन-चार छोटे चमचे, दिवसातून दोनदा. चहापावडर, मिरी, लवंग घालू नका. भाताची पेज, मुगाच्या वरणाचं पाणी, टोमॅटोचं सार हे त्याहून जास्त कामाचं, पोटात पाणी जातं आणि शेंबूड पातळ राहतो. दुधाने कफ वाढतो म्हणून दूध बंद करायचं कारण नाही.

उंबरठा
वरच्या दोघांशी सहमत. तूप आणि कापूर याबद्दल स्पष्ट लिहितो, कारण हे दोन्ही प्रेमाने केले जातात आणि दोन्हीत खरा धोका आहे.

नाकात तूप, खोबरेल, मोहरीचं तेल काहीही सोडायचं नाही. रडणारं मूल ते श्वासाबरोबर फुप्फुसात ओढतं. तेल तिथून खोकून निघत नाही, साचून राहतं आणि लिपॉइड न्यूमोनिया होतो. तो अँटिबायोटिकने बरा होणारा नाही. नाकाखाली त्वचा सोलवटली असेल तर बाहेरून तूप लावा, खुशाल.

कापूर दोन वर्षांखाली नकोच, तेलात विरघळवूनही नको. त्वचेतून आणि वासातून तो अंगात जातो. वडी तोंडात गेली तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. भीमसेनी असला तरी तेच. निलगिरी तेल आणि मेंथॉलचे बामही त्याच यादीत. छातीला चोळायचंच असेल तर नुसतं कोमट तिळाचं तेल. लसूण तेलात तळून गाळून घेतली तर ठीक, पण कच्ची ठेचून लावली तर त्वचा भाजते. जायफळाने मूल गुंगतं, म्हणून "झोप लागली" असं वाटतं. श्वास नीट चाललाय का हे बघायचं असताना गुंगी नको.

धुरीचा धूर सुजलेल्या श्वासनलिकेला आणखी चिडवतो. वाफ हवी तर न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून, दार लावून, तिला मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसा. पातेलं पुढ्यात ठेवून वाफारा या वयाला अजिबात नाही, भाजण्याचे प्रकार त्यातूनच होतात.

आणि उरलेलं कफ सिरप काढू नका. क्लोरफेनिरामाइन-फेनिलएफ्रिनचं मिश्रण ४ वर्षांखाली देऊ नये असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं लिहूनच देऊ नयेत असं कळवलं.

रानजाई
खूप आभार. तूप-कापूर थांबवलं. दोन शंका: थेंब घालताना ती मान गरगर फिरवते, एकटीला जमत नाही. आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं?

निशिगंध
बाटली आधी दोन मिनिटं मुठीत धरा, गार थेंबाने मुलं जास्त दचकतात. जमिनीवर मांडी घालून तिला उताणी निजवा, डोकं तुमच्या मांडीत, पाय तुमच्यापासून लांब. चादरीत हात गुंडाळा, डाव्या तळव्याने गाल धरा, उजव्याने थेंब. तरीही नाही जमलं तर झोप लागल्यावर हळूच दोन थेंब घाला, ओढू नका. तेवढ्यानेही फरक पडतो.

उंबरठा
झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा. पोट वर गेलं की एक. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर. पोट उडतंय, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, श्वासाला कण्हल्यासारखा किंवा शिट्टीचा आवाज येतोय, ओठ निळसर, दूध अजिबात घेत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, उठवून उठत नाही: यातलं एक जरी दिसलं तर रात्रीच निघा, सकाळची वाट नको. ताप १०२ च्या वर गेला किंवा तीन दिवस टिकला, कान धरून रडू लागली, तरी दाखवा. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही, साध्या सर्दीत चौथ्या-पाचव्या दिवशी तो रंग येतोच. साधारण सात ते दहा दिवस धरून चला, खोकला आणखी आठवडाभर रेंगाळतो. मधे बरी वाटून पुन्हा ताप चढला तर मात्र लगेच दाखवा.