लहान यकृतगाठ जाळताना सुई गाठीत असावी की गाठीभोवती?

मूळ लेखन
यकृताच्या कर्करोगाची तीन सेंटीमीटरपर्यंतची गाठ रेडिओलहरींनी जाळताना एकच सुई थेट गाठीत घालण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. माझ्या मते, जिथे शक्य आहे तिथे गाठीला न शिवता तिच्याभोवती दोन-तीन सुया बसवून त्यांच्यामध्ये विद्युतप्रवाह खेळवण्याची पद्धत आधी विचारात घ्यावी. एका सुईची उष्णता मध्यातून बाहेर पसरते. त्यामुळे ज्या काठावर कर्करोगाच्या पेशी उरण्याची भीती सर्वाधिक, तोच काठ सर्वांत शेवटी तापतो. त्यातच शेजारून तीन मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी जात असेल, तर वाहते रक्त तिथली उष्णता ओढून नेते. शिवाय बार्सिलोनाच्या २००१ च्या अहवालात ३२ पैकी ४ रुग्णांमध्ये सुईच्या वाटेवर कर्करोग रुजल्याचे आढळले होते, हे विसरता येत नाही.

प्रतिसाद १
मी सहमत नाही. बार्सिलोनातील त्या प्रकारांचा संबंध यकृताच्या आवरणालगतच्या आणि अधिक आक्रमक गाठींशी होता. सुई काढताना तिची वाटही तापवत आणली, तर तो धोका बराच कमी होतो. इटलीतील २००८ च्या अभ्यासात दोन सेंटीमीटरपर्यंतची एकच गाठ असलेल्या २१८ रुग्णांवर रूढ पद्धतीने उपचार झाले आणि ९७.२ टक्के रुग्णांत गाठ पूर्णपणे व टिकाऊपणे नष्ट झाली. सिरोसिस (यकृत कडक व व्रणयुक्त होणे) झालेल्या, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असलेल्या रुग्णाच्या यकृतात बरगड्यांच्या फटीतून तीन सुया समांतर बसवायच्या, म्हणजे तीन वेळा रक्तस्रावाचा धोका पत्करायचा. त्याचा हिशेब आपल्या मांडणीत कुठेच नाही.

मूळ लेखक
दोन सेंटीमीटरच्या आतल्या गाठीबाबत आपला मुद्दा मला मान्य आहे. माझा आग्रह दोन ते तीन सेंटीमीटरच्या गाठींसाठी आहे, कारण गाठीभोवतीचे किमान पाच मिलिमीटर निरोगी यकृतही जाळायचे म्हटले की तीन सेंटीमीटरच्या गाठीसाठी चार सेंटीमीटरचा गोळा तापवावा लागतो. तापलेल्या भागात बुडबुडे होऊन सोनोग्राफीत पांढरा ढग दिसतो आणि नेमका काठच झाकला जातो. तिथून पुढे एका सुईने काम करणारा डॉक्टर अंदाजाने चालतो. सुया आधीच काठाबाहेर असतील, तर हद्द ढग येण्यापूर्वीच आखलेली असते. फ्रान्समधील २०१७ च्या अभ्यासात या पद्धतीने स्थानिक पुनरुद्भव, म्हणजे त्याच जागी कर्करोग परत येणे, कमी आढळला, मात्र तो जुन्या नोंदींवर आधारित होता, हेही सांगायला हवे.

प्रतिसाद २
काठ नीट तापणे हाच प्रश्न असेल, तर रेडिओलहरींऐवजी मायक्रोवेव्ह लहरींनी गाठ जाळण्याचा विचार का नको? फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधील २०१८ च्या यादृच्छिक चाचणीत (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते अशा चाचणीत) दोन वर्षांनंतरची स्थानिक वाढ मायक्रोवेव्हमध्ये ६ टक्के, तर रेडिओलहरींमध्ये १२ टक्के होती.

प्रतिसाद १
तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाला नाही, त्यामुळे त्यावरून यंत्र बदलणे मला पटत नाही. गाठ आतड्याला टेकलेली असेल, तर मध्ये पाच टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) सोडून अंतर करावे लागते. मिठाचे सलाईन वीज वाहून नेते म्हणून रेडिओलहरींच्या वेळी ते चालत नाही. एवढी काळजी घेऊन एक सुई नीट बसवणारा हात मला तीन सुयांहून मोलाचा वाटतो.