शिवणयंत्र नाही, पडदे हवेत: टेप, क्लिपा की आयलेट?

खिडकीपाशी

शिवणयंत्र नाही आणि हाताने धावदोरा घालायची तयारीही नाही. खिडकी १५० सेंमी रुंद आहे. दांडी आधीच बसवलेली आहे, १८० सेंमी लांब आणि २५ मिमी जाड. दांडीच्या खालच्या कडेपासून जमीन २१५ सेंमीवर. दोन पडदे हवेत, रोज उघडबंद होणारे, जमिनीपर्यंत पोचणारे. १४० सेंमी पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) साधं सुती कापड घ्यावं असा विचार आहे.

कापड नेमकं किती लागेल? इस्त्रीने चिकटणारी टेप धुण्यात टिकते का? आणि वरच्या बाजूला टेपनेच नेफा करून दांडी ओवली तर चालेल का, म्हणजे रिंगांचा खर्च वाचेल. दोन जुन्या डबल चादरी पडून आहेत, त्यांचा काही उपयोग होत असेल तर तेही सांगा.

ताणाबाणा

नेफ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं गणित त्यावर बदलतं. रोज सरकवायच्या पडद्याला चिकटवलेला नेफा नको. टेपचा जोड कापडाच्या दिशेने ओढला तर बराच ताण सहन करतो, पण दोन थर एकमेकांपासून उकलायला लागले की केळ्याच्या सालीसारखा एका टोकापासून सुटत जातो. नेफा घट्ट असेल तर आतली दांडी जोडावर अगदी तसाच ताण देते, आणि प्रत्येक वेळी पडदा ओढताना तो वाढतो. म्हणून पडद्याचं वजन क्लिपांच्या रिंगांवर द्या आणि टेपला फक्त कडा मुडपून ठेवायचं काम द्या. क्लिपांचे पैसे कापडात वाचवा, तिथे वाव जास्त आहे.

पातळ जाळीचा पडदा असेल, एकदा लावला की सरकवायचा नसेल, तर चिकटवलेला नेफा चालतो. तेव्हाही तो सैल ठेवा. २५ मिमी दांडीचा घेर सुमारे ७९ मिमी, म्हणजे सपाट धरलेला नेफा ४ सेंमीला घट्ट बसतो. ६ सेंमी ठेवा आणि टेपच्या एकाऐवजी दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावा.

आता माप. क्लिपची एक रिंग दांडीत अडकवून बघा, क्लिपचा जबडा दांडीच्या खाली किती येतो ते मोजा. साधारण ४ सेंमी धरू. जमिनीपासून १ सेंमी वर ठेवायचं. २१५ मधून ५ गेले, तयार लांबी २१० सेंमी. खाली ८ सेंमीची मुडप आणि आत घालायला १ सेंमी, वरही तेवढंच. झाले २२८. सुती कापड धुतल्यावर ५ टक्क्यांपर्यंत आटू शकतं, म्हणून २४० सेंमीचा तुकडा घ्या. दोन पडद्यांना ४ मीटर ८० सेंमी. कापडावर चौकडी किंवा मोठी नक्षी असेल तर दोन्ही पडद्यांवर ती एका पातळीत यावी म्हणून नक्षीच्या एका आवर्तनाएवढं कापड जादा.

रुंदीला प्रत्येकी एक पन्हा पुरतो. बाजूंना ३-३ सेंमी मुडपलं तर १३४ उरतात, दोन्ही मिळून २६८, म्हणजे दांडीच्या दीडपट. बंद केल्यावर चुण्या दिसायला एवढं हवंच. दांडीच्या दुप्पट रुंदी घेतली तर जास्त भरदार दिसतं, पण त्यासाठी पन्हे जोडावे लागतात आणि न शिवता उभा जोड मला तरी पसंत नाही. उन्हासमोर त्याची जाड रेघ दिसते.

कापायच्या आधी धुवा. मापं घेऊन, मुडपून, चिकटवून मग धुतलं तर कापड आटतं आणि टेप आटत नाही, त्यामुळे खालची कड कायमची चुरमुडते. ती इस्त्रीने जात नाही. धुताना कापड मऊ करणारं द्रव घालू नका, त्याचा थर धाग्यांवर राहतो आणि टेप धरत नाही. खळही धुऊन काढा.

सरळ कापण्यासाठी साधी विण असेल तर किनारीपाशी २ सेंमी कात्री मारून फाडा, फाट धाग्याला धरून जाते. फाटलेली कड थोडी गुंडाळते, इस्त्री केली की बसते. विरळ विणीचं असेल तर फाडू नका, एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कात्री चालवा. छापील कापडाची नक्षी धाग्याला तिरकी असेल तर मात्र नक्षीप्रमाणे कापा, डोळ्याला तीच दिसते.

गरमइस्त्री

टेपबद्दल. टिकते, पण लोक घाईत इस्त्री सरकवतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

आधी टेपशिवाय मुडप नुसती इस्त्रीने पाडून घ्या. मग मुडप उघडून टेप आत ठेवा, कडेपासून दोन-तीन मिमी आत, बाहेर डोकावली तर ती इस्त्रीला लागणार. वरून ओलं करून पिळलेलं पातळ सुती फडकं पसरा, इस्त्री सुती कापडाच्या खुणेवर, आणि एका जागी दाबून १० ते १२ सेकंद धरा. सरकवायची नाही. उचला आणि पुढच्या जागी ठेवा, आधीच्या जागेवर तिसरा हिस्सा येईल अशी. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात, तेवढ्या जागी दाब पडत नाही, म्हणून हा तिसरा हिस्सा. फडकं वाळलं की पुन्हा ओलं करा. गरम असताना ओढून बघायचा मोह आवरा, पाच मिनिटं सपाट पडून राहू द्या. गोंद थंड झाल्यावरच धरतो.

कागद चिकटवलेली टेप आणली असेल तर दोन टप्पे आहेत. कागदाची बाजू वर ठेवून तीन-चार सेकंद, गार झाल्यावर कागद सोला, मग मुडपून वरच्यासारखं. पाकिटावर वेगळे सेकंद लिहिले असतील तर ते पाळा, सगळ्या टेपा सारख्या तापमानाला वितळत नाहीत.

सुटते का? कारणं बहुतेक याच्यातली असतात. उष्णता कमी पडली तर टेप एका बाजूच्या थराला चिकटलेली आणि दुसऱ्याला नुसती टेकलेली असते. अति झाली तर गोंद पातळ होऊन कापडात जिरतो, जोडात काहीच उरत नाही, वरून काळपट ठिपके मात्र दिसतात. कोपऱ्यात बाजूची आणि खालची मुडप एकावर एक येते, तिथे थर जास्त, तेव्हा उलट्या बाजूनेही १५ सेकंद दाबा. आणि फोमचं मऊ इस्त्री-टेबल! दाब सगळा फोम खातो. जेवणाच्या टेबलावर चादरीची घडी अंथरून करा, नीट दाबता येतं, शिवाय लांब पडद्याला जागाही मिळते.

पाणी न धरणारी प्रक्रिया केलेल्या कापडावर कितीही दाबा, टेप धरत नाही. १० सेंमीच्या तुकड्यावर चिकटवून, धुऊन, वाळवून बघितल्याशिवाय पूर्ण पडद्याला हात लावू नका.

टेप २० मिमी रुंदीची घ्या. तुमच्या मापाला वर-खाली मिळून ५.६ मीटर आणि चार उभ्या कडांना साधारण ९ मीटर. म्हणजे १५ मीटर, थोडी वाया जाईल म्हणून १६. पण कापडाची विणलेली किनार स्वच्छ असेल, रंगीत धागा किंवा छापलेली अक्षरं नसतील, तर बाजू मुडपूच नका. ९ मीटर टेप वाचली आणि प्रत्येक पडद्याला ६ सेंमी रुंदीही मिळाली. किनार ओढून धरत असेल, म्हणजे कड आखडलेली दिसत असेल, तर तेवढ्यापुरती बाजू मुडपावीच लागेल.

खिडकीपाशी

नेफा रद्द. क्लिपा किती आणि कशा घ्याव्यात? दोन क्लिपांच्या मध्ये कापड झोळ घेतं तेही आवडत नाही. दुसरं, सुतीऐवजी पॉलिस्टर घेतलं तर आटण्याची कटकट जाईल ना?

ताणाबाणा

१३ ते १४ सेंमीवर एक क्लिप. तुमच्या १३४ सेंमीच्या पडद्याला ११, दोन्हीला मिळून २२. रिंगेचा आतला व्यास ३५ मिमी तरी हवा, ३० मिमीची रिंग २५च्या दांडीवर सरकताना तिरकी होऊन अडते. झोळ येतो त्याचं एक कारण अंतर, दुसरं म्हणजे वरची कड एकेरी असणं. ८ सेंमीची मुडप सांगितली ती म्हणूनच. दुहेरी कापड क्लिपेच्या दातांतून निसटतही नाही. तरी झोळ वाटला तर मुडपीत इस्त्रीने चिकटणारी बुकरमची (कापडाला ताठपणा देणारी) पट्टी घाला.

दोन्ही टोकांच्या क्लिपा आधी लावा, मग मधली, मग प्रत्येक अर्ध्यात उरलेल्या चार-चार सारख्या अंतरावर. एका टोकापासून मोजत गेलं की शेवटी अंतर बिनसतं.

पॉलिस्टर आटत नाही हे खरं, पण ते सुती खुणेवर वितळू शकतं. इस्त्री मध्यम, कोरडं फडकं, वेळ जास्त, आणि कमी तापमानाची टेप. पहिल्यांदाच करताय तर सुती बरं, चुकलं तर पुन्हा गरम करून टेप सोडवता येते.

आठकड्या

क्लिपा ठीक, पण रोज ओढायच्या पडद्याला आयलेट, म्हणजे कापडाच्या भोकात बसवलेलं दांडी ओवायचं कडं, जास्त सरळ पडतं आणि झोळाचा प्रश्नच राहत नाही. प्लॅस्टिकची दोन भागांची, हाताने दाबून बसणारी आयलेट मिळतात, हातोडी-पंच लागत नाही. आतला व्यास ४० मिमी, २५ मिमी दांडीला सुटसुटीत.

संख्या सम हवी. विषम झाली तर एका टोकाची कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते. तुमच्या पडद्याला ८: पहिल्या आणि शेवटच्याचा मध्य कडेपासून ५ सेंमी, उरलेले १२४ सेंमी सातने भागले की १७.७ सेंमीचं अंतर येतं. वरची मुडप १० सेंमी, आत बुकरम, आणि आयलेटचा मध्य वरच्या कडेपासून ५ सेंमी खाली. लक्षात ठेवा, इथे लांबी वेगळी निघते. पडदा दांडीच्या वर दोन-तीन सेंमी उभा राहतो, म्हणून वरचा २१० चा आकडा वापरू नका. एक आयलेट टाकाऊ तुकड्यात बसवून दांडीत अडकवा आणि कापडाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा.

भोक आयलेटच्या आतल्या कड्याएवढंच कापा, आधी किंचित लहान. मोठं झालं की दातांच्या पकडीत कापड येत नाही आणि आठवड्यात आयलेट हातात येतं. फार पातळ कापड असेल तरही निसटतं, तेव्हा बुकरम टाळू नका.

ताणाबाणा

आयलेटचं सगळं मान्य, एक सोडून. भोक एकदा पाडलं की पाडलं. क्लिपांचा पडदा पुढे दुसऱ्या खिडकीला, उलटा, आखूड करून कसाही लावता येतो. कापड स्वस्त आणि माप पक्कं असेल तर आयलेट, नाहीतर क्लिपा.

उन्हाळी

चादरींचं कुणी बोललंच नाही. कडा आधीच शिवलेल्या किंवा विणलेल्या किनारीच्या असतात, म्हणजे टेप फक्त लांबी कमी करायला. काही चादरींना वरच्या बाजूला रुंद दुमड असते, तिच्या टोकांचे टाके उसवले की शिवलेला नेफा तयार, वजन पेलणारा. ६ सेंमीपेक्षा अरुंद असेल तर मात्र त्यात २५ मिमी दांडी सहज सरकणार नाही.

किंवा त्याच क्लिपांत पडद्याच्या मागे चादर अस्तर म्हणून धरा. अस्तर खाली आणि बाजूंना दोन सेंमी आखूड. पडद्याला ते खाली चिकटवू नका, दोन कापडं वेगवेगळी आटतात आणि एक दुसऱ्याला वर ओढतं. वजन वाढतं, तेव्हा १० सेंमीवर क्लिप.

खिडकीपाशी

क्लिपा ठरल्या, चादर मागे. टेपऐवजी गरम गोंदाची बंदूक किंवा दुतर्फी टेप वापरली तर?

गरमइस्त्री

दोन्ही नको. बंदुकीचा गोंद कापडात कडक गाठी करतो आणि कडक उन्हात तापणाऱ्या काचेशेजारी मऊ पडतो. दुतर्फी टेप धूळ धरते, धुतली की संपली. कापडाचा पांढरा गोंद चालतो, पण पातळ थर आणि २४ तास सुकवणं, आणि पातळ कापडातून त्याचा डाग वर येतो.

आणखी एक. खालची मुडप सगळ्यात शेवटी चिकटवा. आधी पडदा टाचण्या लावून दोन-तीन दिवस टांगून ठेवा, सुती कापड स्वतःच्या वजनाने थोडं उतरतं, जमीनही सगळीकडे सारखी नसते. मग दर ३० सेंमीवर जमिनीपासून मोजून खूण करा. पुढे धुताना थंड पाणी, पिळायचं नाही, गरम हवेच्या ड्रायरमध्ये घालायचं नाही. कुठे कड सुटलीच तर पडदा काढायची गरज नाही, तेवढ्या जागी नवीन तुकडा घाला, मागे जाड घडी धरून इस्त्री दाबा. फक्त त्यासाठी टेपचा एखादा मीटर बाजूला काढून ठेवा.