धान्य आणि भाज्यांचे वाडग्यातले जेवण : दाणे कडक होतात, भाज्यांना पाणी सुटते. मदत हवी आहे

नमस्कार. गेले दोन महिने मी दुपारच्या जेवणासाठी अख्खे धान्य, भाज्या आणि कडधान्य एकाच वाडग्यात रचून देत आहे. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, रक्तदाबामुळे त्यांना मीठ कमी करण्यास सांगितले आहे आणि कवळी असल्यामुळे चिवट पदार्थ त्यांना चावत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे पथ्याचे ताट वाढले की ते अर्धे टाकून उठतात, म्हणून दोघांनीही एकच जेवण जेवायचे असे मी ठरवले आहे.

प्रमाणासाठी मी हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने २०११ मध्ये सुचवलेल्या ताटाचा आधार घेते : अर्धा भाग भाज्या आणि फळे, पाव भाग अख्खे धान्य, पाव भाग प्रथिने. धान्यात ब्राऊन राईस किंवा किन्वा, प्रथिनांसाठी शिजवलेले काबुली चणे, आणि भाज्यांमध्ये गाजर, लाल भोपळा, ब्रोकोली आणि काकडी असते. किन्व्याच्या दाण्यावरील सॅपोनिन या कडू द्रव्यामुळे कडवटपणा येतो, हे पहिल्याच वेळी अनुभवल्यापासून मी तो चोळून तीन पाण्यांत धुते, त्यामुळे ती तक्रार आता राहिलेली नाही.

खरी अडचण अशी आहे की रविवारी शिजवलेला ब्राऊन राईस त्या दिवशी मऊ आणि मोकळा असतो, पण फ्रिजमधून मंगळवारी काढला की दाणे टणक लागतात आणि वाडग्याच्या तळाशी मात्र पाणी साचलेले असते. एका वाटीला अडीच वाट्या पाणी घालून मी तो ४५ मिनिटे शिजवते, म्हणजे तो कच्चा राहत असेल असे वाटत नाही. पाणी वाढवून पाहिले तर गिचका झाला. शिवाय मीठ कमी केल्यापासून सगळेच मिळमिळीत लागते. बाबा तक्रार करत नाहीत, पण त्यांचा घास मंदावलेला दिसतो आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटते. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद :

ताई, तुमच्या शिजवण्यात चूक नाही. शिजताना फुगलेले पिष्ट थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बांधले जाते आणि फ्रिजच्या तापमानाला हे फार लवकर घडते, त्यामुळे दाणा कच्चा नसूनही कडक होतो. वाढण्यापूर्वी धान्य वेगळे काढून त्यावर दोन चमचे पाणी शिंपडावे आणि झाकण ठेवून वाफ येईपर्यंत गरम करावे. दाणा पुन्हा मऊ होतो. पहिल्या वेळी शिजवताना तांदूळ रात्रभर भिजवून, भरपूर पाण्यात उकळून, निथळून, झाकणाखाली दहा मिनिटे वाफ जिरू दिली तर गिचका होण्याची भीती राहत नाही.

तळाचे पाणी काकडीचे आणि गर्दी करून भाजलेल्या भाज्यांचे असावे. भाज्या धुतल्यावर कोरड्या पुसून, एकमेकींना न चिकटवता, ओव्हनमध्ये सुमारे २२० अंश सेल्सिअसवर भाजाव्यात. दाटीवाटीने ठेवल्या तर त्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. काकडी आणि ड्रेसिंग (वरून घालायचे चवीचे मिश्रण, त्याची कृती खाली देतो) मात्र जेवायला बसतानाच घालावे.

साठवणीबद्दल थोडे कडक बोलतो, कारण वडील वयस्कर आहेत. शिजवलेल्या भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू तग धरतात, आणि भात बाहेर राहिल्यास त्यांच्यापासून वाढलेले जिवाणू जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून भात पसरट ताटात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा आणि एक-दोन दिवसांत संपवावा. पुढच्या दिवसांचे वाटे फ्रीझरमध्ये ठेवावेत.

ड्रेसिंगसाठी तिळाची पेस्ट, लिंबाचा रस, किसलेला लसूण आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड एकत्र करावी. लिंबू पडताच पेस्ट आळते, पण थोडे थोडे पाणी घालून घोटत राहिल्यास ती पुन्हा सैल आणि गुळगुळीत होते. ठरलेले मीठ धान्यात न घालता शेवटी वरून भुरभुरावे, म्हणजे ते जिभेला लगेच जाणवते. पोटॅशियम असलेले पर्यायी मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये, कारण रक्तदाबाच्या काही औषधांसोबत रक्तातील पोटॅशियम वाढू शकते.

धागाकर्ती :

मनापासून आभार, दादा. काल पाणी शिंपडून गरम केलेला भात आणि हे ड्रेसिंग वाढले आणि बाबांनी वाडगा पूर्ण संपवला. ब्रोकोलीचे देठ मात्र त्यांनी बाजूला काढून ठेवले. भोपळ्याइतकी मऊ भाजली जाणारी आणि कवळीला सोसेल अशी दुसरी कोणती भाजी घ्यावी, हेही कोणी सांगावे.