दशावताराच्या रात्रीसाठी फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावा का?

खाडीकाठ (वेंगुर्ले)

नमस्कार. गेली सात वर्षे मी निकॉनचा डी ७२०० वापरतो आहे. त्यासोबत १८-१४० आणि ३५ मिमी एफ १.८ या दोन डीएक्स (म्हणजे लहान सेन्सरच्या निकॉन कॅमेऱ्यांसाठीच्या) लेन्स आहेत, आणि एका नातेवाइकाकडून घेतलेली ७०-३०० व्हीआर आहे. माझा मुख्य व्यवसाय छायाचित्रणाचा नाही. मात्र वर्षाकाठी आठ-दहा लग्ने आणि मुंजी मी पैसे घेऊन करतो, आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की जमेल तितक्या रात्री दशावताराची छायाचित्रे काढत फिरतो. प्रश्न या दुसऱ्या कामासाठी आहे.

ज्यांनी जत्रेतला दशावतार पाहिला आहे त्यांना तिथल्या उजेडाविषयी वेगळे सांगायला नको. पालखीची प्रदक्षिणा होऊन नाटकाला तोंड लागेपर्यंत मध्यरात्र उलटते. देवळाच्या आवारात एक बाकडे, मागे पडदा, बाजूला हार्मोनियम आणि मृदंग, आणि वरून दोन-तीन दिवे, एवढ्यावर पहाटेपर्यंत खेळ चालतो. हे दिवे पूर्वी हॅलोजन असत, आता बहुतेक ठिकाणी पांढरे एलईडी असतात. फ्लॅश मी वापरत नाही, कारण नटाच्या डोळ्यांवर तो मारणे मला योग्य वाटत नाही आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचाही रसभंग होतो. समोरची जागा मुलांनी भरलेली असते, म्हणून मला बाजूने, सहा-सात मीटरांवरून, १८-१४० च्या लांब टोकाला एफ ५.६ वर (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त) काम करावे लागते. शटर १/१२५ सेकंदाच्या खाली नेले तर हातवारे हलतात, आणि तेवढे ठेवले तर आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढली की छायाचित्र कणीदार होते) १२८०० वर जातो. संकासुर या राक्षसाचा काळा वेष मागच्या अंधारात इतका मिसळून जातो की छायाचित्रात केवळ लाल जीभ आणि डोळे उरतात.

कॅमेरा आणि लेन्स मिळून दोन लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. फुल-फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, गेल्याने या अडचणीत खरोखर किती फरक पडेल? जायचेच असेल तर निकॉनचाच जुना फुल-फ्रेम डी ७५० घ्यावा, की मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या प्रकारचा कॅमेरा)? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कातळसडा (रत्नागिरी)

तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून आधी आकडे मांडतो. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमीचा, म्हणजे ३६७ चौरस मिलिमीटरच्या आसपास भरतो. क्षेत्रफळ २.३ पट, आणि छायाचित्रकाराच्या भाषेत सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). सेन्सर एकाच पिढीतले असतील तर मोठ्या आकाराने तुम्हाला मिळणारा नफा एवढाच, सव्वा स्टॉप.

आता तुमच्या लेन्सकडे पाहा. एफ ५.६ वरून एफ २ वर आलात तर तीन स्टॉप उजेड वाढतो. जे छायाचित्र तुम्ही आज आयएसओ १२८०० वर काढता, तेच ८५ मिमी एफ १.८ ही लेन्स एफ २ वर ठेवून, शटर न बदलता, आयएसओ १६०० वर निघेल. १४० वरून ८५ वर आल्याने चौकट बरीच रुंद होईल, त्यासाठी दोन-अडीच मीटर पुढे सरकावे लागेल किंवा नंतर कापावे लागेल. पण तीन स्टॉप आणि सव्वा स्टॉप यांतले अंतर पाहा, आणि त्यांच्या किमतींतले अंतरही पाहा. शिवाय ही लेन्स फुल-फ्रेमसाठीच बनवलेली असल्यामुळे पुढे बॉडी बदललीत तरी ती तुमच्याबरोबर येईल.

इथे एक गोष्ट बहुतेक दुकानदार सांगत नाहीत, आणि पुष्कळ छायाचित्रकारांच्याही लक्षात येत नाही. डीएक्सवर ८५ मिमी आणि एफ २ ने जी चौकट आणि फोकसची जितकी खोली (पुढेमागे स्पष्ट दिसणारे अंतर) मिळते, तितकीच फुल-फ्रेमवर हवी असेल तर साधारण १२८ मिमी आणि एफ ३ लागेल. एफ ३ केल्यावर शटर तेच ठेवायचे तर आयएसओ १६०० चा ३६०० च्या घरात न्यावा लागतो, आणि मोठ्या सेन्सरने दिलेला सव्वा स्टॉप तिथेच परत जातो. फुल-फ्रेमचा लाभ घ्यायचा तर पातळ फोकस पत्करावा लागतो. एकटा नट बाकड्यावर बसून बोलत असेल तेव्हा ते चालते. राजा आणि राक्षस समोरासमोर तलवारी घेऊन फिरत असतील तेव्हा एकाचा चेहरा स्पष्ट आणि दुसऱ्याचा धूसर, असे होणारच. सहा मीटरांवर ८५ मिमी, एफ २ धरले तर तुमच्या कॅमेऱ्यावर खोली जेमतेम ४० सेंटिमीटर मिळते.

मी स्वतः हा हिशेब न करता डी ७५० घेतला होता. त्या वर्षी लेन्सला पैसे उरले नाहीत, म्हणून जुनी १८-१४० त्यावर लावून संबंध हंगाम काढला. डीएक्स लेन्स लावली की तो कॅमेरा चौकट आपोआप कापतो आणि २४ मेगापिक्सेलचे सुमारे १० उरतात. १२ × १८ इंचांच्या आल्बमच्या पानावर ते इंचाला सव्वादोनशे ठिपक्यांच्याही खाली येतात. यजमानांनी तक्रार केली नाही, पण मला ती पाने आजही पाहवत नाहीत. तुमच्याकडच्या तीनपैकी दोन लेन्सची हीच गत होईल, हे धरून चाला.

बॉडीविषयी थोडक्यात सांगतो. लग्नाचे काम करता, तेव्हा दोन कार्डांची सोय सोडू नका. ती तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्यात आहे. निकॉनच्या मिररलेस झेड मालिकेतल्या, २०१८ च्या पहिल्या झेड ६ मध्ये एकच एक्सक्यूडी कार्ड बसते, म्हणून तो स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही. झेड ६ टू मध्ये दोन खाचा आहेत, पण दोन वेगवेगळ्या प्रकारच्या कार्डांच्या. २०२५ साली आलेल्या झेड ५ टू मध्ये दोन्ही खाचा साध्या एसडी कार्डांच्या आहेत आणि तुमच्या कामाला तो पुरून उरेल. जुन्या लेन्स झेडवर बसवणारा एफटीझेड ॲडॅप्टर लावला की मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स त्यावर फोकस करतात, मात्र मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स हातानेच फिरवाव्या लागतात. त्यामुळे ८५ जुनी घेताना डी (मोटर नसलेली) की जी (मोटर असलेली), हे नीट वाचून घ्या.

माजघर (मालवण)

वरचा हिशेब योग्य आहे, आणि त्यात भर घालण्याइतके माझे तांत्रिक ज्ञान नाही. मला फक्त एवढे विचारायचे आहे की दोन लाखांची वस्तू घरी आणल्यावर तुम्ही ती जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठेवणार कुठे?

माझ्याकडे २४-७० एफ २.८ होती. कर्ज काढून घेतलेली, म्हणून जिवापाड जपलेली. पहिल्या पावसाळ्यात मी ती तिच्या कातडी पिशवीत घालून, वर मऊ पंचा गुंडाळून, कपाटात साड्यांच्या मागे ठेवली होती. जेवढी झाकून ठेवू तेवढी सुरक्षित राहील, अशी माझी समजूत. गणपतीच्या आधी आठ दिवस बाहेर काढली तेव्हा वरून ती नव्यासारखी दिसत होती. सहज मोबाईलचा दिवा मागच्या बाजूने आत धरला, तर आतल्या एका काचेच्या कडेपासून मध्याकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले होते. साफ करून घेतल्यावर धागे गेले, पण त्यांनी काचेवरच्या लेपावर काढलेली नक्षी तशीच राहिली. समोरून दिवा आला की त्या लेन्समधून आजही सगळे दुधाळ दिसते. दशावतारात दिवा समोरूनच येणार, हे तुम्हाला ठाऊक आहे.

बुरशीला अंधार, कोंडलेली हवा आणि ओल एवढेच लागते, आणि मी तिला तिन्ही गोष्टी पुरवल्या होत्या. कातडे आणि कापड ओल धरून ठेवतात, हे मला नंतर समजले. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ऐंशीच्या खाली क्वचितच येते. आता माझ्याकडे विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट आहे आणि ते मी ४५ टक्क्यांवर ठेवते. त्याहून फार कोरडे करू नये, नाहीतर रबर आणि आतले वंगण सुकते. वीज गेली तरी दार उघडले नाही तर आतली हवा बराच वेळ टिकते. ते घेईपर्यंत मी डाळ-तांदळाचा रबरी कडेचा हवाबंद डबा वापरला. त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवला होता. सिलिका जेल नारिंगी घ्यावे. निळ्यात कोबाल्टचे क्षार असतात, आणि स्वयंपाकघरात तापवायची वस्तू ती नसावी. रंग बदलला की जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून घ्यायचे, पूर्ण गार झाल्यावर परत डब्यात.

तेव्हा अंदाजपत्रकात पहिली ओळ कॅबिनेटची लिहा.

सुरूबन (दापोली)

दुसऱ्या बाजूने एक गोष्ट सांगतो, म्हणजे जुना कॅमेरा विकण्याची घाई होणार नाही. मी दर वर्षी वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात तेव्हा जातो. तिथे दोरीच्या मागे उभे राहावे लागते, फ्लॅश चालत नाही, आणि पिल्लू तळहातापेक्षाही लहान असते. अशा वेळी क्रॉप सेन्सर, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यातला लहान सेन्सर, वरचढ ठरतो. तुमच्या ७०-३०० च्या टोकाला डी ७२०० चे पूर्ण २४ मेगापिक्सेल पिल्लाच्या अंगावर पडतात. तीच चौकट २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेममधून कापून काढली तर दहा-अकराच उरतात. समुद्रपक्ष्यांचेही तसेच आहे.

आणि किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. मोठा सेन्सर म्हणजे धुळीला मोठे अंगण. घरी आल्यावर बॉडी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून, मगच कोरडी करावी. कोरड्या फडक्याने पुसले तर मीठ घासले जाते.

खाडीकाठ (वेंगुर्ले)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण ऐकीव मतावर निर्णय घेण्यापेक्षा पडताळून पाहावे असे ठरवले. जुनी ८५ मिमी एफ १.८ जी विकत घेतली, आणि गोव्यातील एका दुकानातून दोन रात्रींसाठी झेड ६ टू आणि ॲडॅप्टर भाड्याने आणला. एकाच जत्रेत एकदा ही बॉडी, एकदा ती, अशी तीच लेन्स आलटून पालटून लावली.

पहिली रात्र जवळपास वाया गेली. आवाज होऊ नये म्हणून मी मिररलेसचे नीरव शटर चालू ठेवले होते, आणि एलईडीखालच्या प्रत्येक छायाचित्रावर आडवे काळे पट्टे उमटले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मिचकतात आणि नीरव शटर चौकट ओळीओळीने वाचते, त्यामुळे हे होते. दुसऱ्या रात्री साधे शटर १/१०० वर ठेवले आणि पट्टे गेले. मात्र त्या वेगाला तलवारीचे टोक हलते, हेही नोंदवतो.

कातळसडा यांचे म्हणणे मला तंतोतंत पटले. ८५ लावल्यावर माझ्या जुन्या कॅमेऱ्यानेच जी छायाचित्रे दिली, ती सात वर्षांत मिळाली नव्हती. दोन्ही कॅमेऱ्यांची एकेक छायाचित्रे १२ × १८ मध्ये छापून घेतली. बाकड्यावर बसलेल्या राणीच्या वेषातल्या नटाच्या चेहऱ्यात घरातल्या कोणालाही फरक ओळखता आला नाही. संकासुराच्या बाबतीत तो ओळखता आला. रॉ (प्रक्रिया न केलेल्या कच्च्या) फाइलमध्ये सावल्या उजळवल्यावर डी ७२०० चा काळा रंग जांभळट, कणीदार झाला. झेडच्या फाइलमध्ये अंगरख्याच्या चुण्या आणि बाहीवरची शिवण दिसू लागली. फोकस मात्र अंगरख्यावर पातळच होता. डोळ्यांवर आपोआप फोकस धरण्याची सोय पडद्यामागे फार उपयोगी पडली. एका दिव्याच्या उजेडात, पेटाऱ्यावर बसून आरशात बघत रंग लावणारा नट मला न हलवता टिपता आला. गणपतीचा लाकडी मुखवटा आला तेव्हा मात्र यंत्र गोंधळले आणि फोकस मृदंगवाल्यावर जाऊन बसला.

तेव्हा बॉडी पुढच्या कार्तिकाच्या आत घेईन, बहुधा झेड ५ टू. डी ७२०० विकणार नाही. या पावसाळ्यापूर्वी फक्त कॅबिनेट घेतो आहे. एक शंका उरली आहे: दोन बॉडी आणि चार लेन्ससाठी ३० लिटरचे पुरेल का?

माजघर (मालवण)

३० लिटरमध्ये आज सामान मावेल, पण ७०-३०० आडवी ठेवावी लागेल आणि पुढची बॉडी आली की दार लागणार नाही. ५० लिटरचे घ्या. आणि ते स्वयंपाकघराच्या भिंतीला लावू नका, मी आधी तिथेच लावले होते.