कीटणातून जुने विषाणू शोधायचे आहेत: दात फोडावा लागेल का?

अश्मदंत
उत्खननातल्या सांगाड्यांच्या दातांवरचं कीटण हाती आहे, दर व्यक्तीमागे साधारण १२ मिलिग्रॅम. हर्पिस सिम्प्लेक्स, हिपॅटायटिस बी आणि इन्फ्लुएन्झा यांचा माग काढायचा आहे. कीटणावर भागेल का? आणि किती खर्ची घालावं?

साखळीतुटकी
तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. कीटण म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट साचून दगड झालेला प्लाक, त्यामुळे त्यात अडकतं ते मुख्यतः तोंडातलं. हर्पिस सिम्प्लेक्स आणि एपस्टाइन-बार लाळेत उतरतात, म्हणून तिथे आशा धरता येते. हिपॅटायटिस बी रक्तातला. त्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले प्राचीन जीनोम दात आणि हाडांतून आले, तेव्हा त्यासाठी दाताचं मूळच कापा. इन्फ्लुएन्झा सोडून द्या. तो आरएनए विषाणू आहे, आणि आरएनएच्या साखरेवरचा हायड्रॉक्सिल गटच ती साखळी तोडतो. १९१८ च्या साथीचा जीनोम मिळाला तो फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या फुप्फुसाच्या ऊतीतून आणि अलास्कात गोठलेल्या मृतदेहातून.

१२ मिलिग्रॅमपैकी ५-६ वापरा, उरलेलं तसंच ठेवा. आधी फोटो काढा, दात कोणता आणि बाजू कोणती ते लिहा, मग स्केलरने (दात खरवडायचं अवजार) फॉइलवर काढा. दोन्ही बाजूंना मिनिटभर अतिनील प्रकाश द्या. ०.५ मोलर ईडीटीएने (कॅल्शियम पकडणारं रसायन) १५ मिनिटं धुऊन तो द्रव टाकून द्या. बाहेरची माती आणि हाताळणाऱ्यांचा डीएनए बराचसा त्यातच जातो. नंतर १ मिलिलीटर ०.४५ मोलर ईडीटीए आणि प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के (०.२५ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर), ३७ अंशांवर रात्रभर फिरवत ठेवा. डीएनएचे तुकडे ४०-७० बेसचे (म्हणजे अक्षरांचे) असतात, म्हणून सिलिकावर बांधताना ग्वानिडीनसोबत आयसोप्रोपेनॉल भरपूर हवा, नाहीतर नेमके छोटे तुकडेच वाहून जातात.

नकाशाकार
वरच्या उत्तरात ब्लँक, म्हणजे बाहेरून आलेला डीएनए ओळखण्यासाठीचे तुलना-नमुने, राहिले. एक उत्खननातल्या मातीचा, एक एक्स्ट्रॅक्शनचा (डीएनए काढण्याचा), एक लायब्ररीचा (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला डीएनए-संच). तिन्ही ब्लँक खऱ्या नमुन्यांसोबत शेवटपर्यंत सिक्वेन्स करा. विषाणूंच्या बाबतीत रसायनंच फसवतात. २०१३ मध्ये पार्व्होसारखा एक ‘नवा’ विषाणू सिलिका कॉलममधूनच आलेला निघाला होता! फायएक्स१७४ हा जिवाणूंचा विषाणू सिक्वेन्सिंगच्या कंट्रोलमधून येतो. सायटोमेगॅलोव्हायरसच्या प्रमोटरचा (जनुक चालू करणारा भाग) तुकडा प्रयोगशाळेतल्या प्लाझ्मिडांमध्ये (डीएनएची छोटी वर्तुळं) सर्रास असतो. म्हणून वाचनं (सिक्वेन्सरने वाचलेले तुकडे) किती मिळाली यापेक्षा ती जीनोमभर पसरली आहेत का ते पाहा. २०० वाचनं एकाच जागी साचलेली असतील तर तो विषाणू नव्हे.

कीटणात बहुतेक डीएनए जिवाणूंचा असतो. त्यामुळे नुसत्या शॉटगनमध्ये (सरसकट सगळा डीएनए वाचणं) हर्पिसची मोजकी वाचनं मिळाली तरी नशीब. संशय आला की बेट्स (विषाणूच्या डीएनएला चिकटणारे कृत्रिम तुकडे) वापरून तो वेचून घ्या, म्हणजे कॅप्चर करा. मानवी जीनोम आणि जिवाणूंचा संच सोबत ठेवूनच जुळवा. शेवटची कसोटी जुन्या डीएनएच्या नुकसानीची: तुकड्यांच्या टोकांना सी च्या जागी टी दिसायला हवा. यूडीजी (खराब झालेले बेस काढणारं एन्झाइम) अर्धवट वापरलं असेल तर तो फक्त अगदी टोकाच्या बेसवर उरतो. एचएचव्ही-६ (हर्पिस कुळातला मानवी विषाणू) सापडला तर आणखी जपून, कारण सुमारे १ टक्का माणसांच्या गुणसूत्रातच तो वारशाने आलेला असतो.

अश्मदंत
बेट्स आणि मूळ कापण्याचं पटलं. जोडीला जिवंत व्यक्तींच्या कीटणात कोविडचा मागोवा घ्यायचा ठरतोय. तिथे आरएनए टिकेल?

साखळीतुटकी
ताज्या कीटणात मिळू शकतो, पण खरी अडचण पृष्ठभागाची. त्या दिवशी लाळेत असलेला विषाणू वरून चिकटतो आणि जुना समजला जातो. काढल्यावर निर्जंतुक बफरने तीनदा धुवा आणि शेवटचं धुवण वेगळं तपासा. धुवण निगेटिव्ह आणि आतला गाभा पॉझिटिव्ह, तरच निकालाला अर्थ आहे. इथे अतिनील प्रकाश वापरू नका.

ईडीटीए उरला तर तो मॅग्नेशियम पकडतो आणि आरटी-पीसीआर (आरएनए शोधणारी चाचणी) अडतं. अर्क १० पट पातळ करून पुन्हा चालवा: सीटी (विषाणू दिसू लागेपर्यंतची चक्रं) सुमारे ३.३ ने वाढायला हवा; वाढला नाही किंवा उलट कमी झाला तर अवरोध आहे. नमुना नीट निघाला की नाही ते दाखवणारं मानवी आरनेझ पी चं जनुकही उमटलं नाही तर त्या नमुन्याला निगेटिव्ह म्हणू नका, अवैध म्हणा. मागचं स्केलिंग कधी झालं ते अवश्य विचारा, कारण त्यापूर्वीचा संसर्ग त्या कीटणात असणारच नाही.